अंधाऱ्या खोलीतली पिवळी रेघ

लग्नाला सात वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव मी अजून तोंडातून काढलेलं नाही. आमच्या कडाव गावात बायका काढतच नाहीत. अवो, ऐकलंत का, झालं. आणि ती सुप्रिया मॅडम खुशाल फोनवर म्हणते, "वाल्मिक, आज लवकर ये हं!" अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आमचे हे खालापूरच्या बाजूला एका प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळतात. मॅडम तिथली शास्त्रज्ञ. काम काय, तर दोन सळयांच्या मधल्या हवेत जबरदस्त वीज सोडायची. ठिणगी उडते आणि पापणी लवायच्या आत विझते. तेवढ्यात तिचा उजेड यंत्रात पकडून फोडायचा, की स्क्रीनवर रंगांच्या रेघा येतात. कुठली रेघ कशाची, त्यावरून ठिणगीत काय काय होतं ते कळतं. सगळं मला मान्य आहे. पण बाहेरचा उजेड नको म्हणून दोघं काळे पडदे ओढून, दार लावून अंधारात बसतात, हे कुठल्या बायकोला मान्य होईल?

त्यात महिनाभर घरी आले तरी यांचं डोकं तिकडंच.

"एक पिवळी रेघ येते गं. मिठाची. हवेत मीठ येतंय कुठून? मॅडमना वाटलं, रसायनीच्या कारखान्यांकडची हवा आसंल. तसं पण नाय. ती रेघ गेली नाय तर सगळी मेहनत फुकट. मॅडम लेखात माझं पण नाव घालणार हायेत."

"घालू द्या की. नाव तिच्या तोंडात बसलंयच," मी म्हटलं.

यांना काही कळलं नाही. की कळून न कळल्यासारखं केलं, देव जाणे.

शेवटी एका सकाळी मीच यांचा डबा फ्रिजमागे लपवला आणि हे गेल्यावर तोच घेऊन, रिक्षा बदलत बदलत तिथं जाऊन थडकले. मॅडम साधीच निघाली. जाड चष्मा, केस कसेतरी बांधलेले. मला आणखीच राग आला. नटवी असती तर मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"वहिनी, या ना! वाल्मिक, तू जेवून घे आधी."

परत वाल्मिक! यांनी उभ्या उभ्या भाकरी खाल्ली, तिखट-मीठ लावलेली कैरी चोखली, बोटं पँटला पुसली आणि सळया बसवल्या. दार लागलं. मी डोळे फाडून दोघांकडे बघत होते, पण दिसेल तर शपथ.

फट्!

निळ्या उजेडात दिसलं, दोघं खोलीच्या दोन टोकांना. नजर मात्र दोघांची स्क्रीनवर. यांनी तर पापणीही हलवली नव्हती. सात वर्षांत माझ्याकडे कधी असं बघितलंय का? मला त्या मेल्या रेघेचासुद्धा हेवा वाटला.

"बापरे, आज केवढी ठळक!" मॅडम ओरडली. दिवा लावून तिने यांचा हात धरला, माझ्या डोळ्यांदेखत, आणि बोटांचा वास घेतला.

"कैरी! रोज खातोस?"

"रोज. हिच्या हातची."

मॅडम हसत सुटली. "म्हणजे महिनाभर वहिनीच येत होत्या आपल्या ठिणगीत!"

मग सळया स्पिरिटने पुसल्या, यांनी हातमोजे चढवले. फट्! पिवळी रेघ गायब. दोघांनी टाळ्या वाजवल्या. महिनाभर मी त्या खोलीत होते, आणि कळलं त्याच दिवशी मला पुसून टाकलं.

"आता तुमचं नाव येईल ना?" मी विचारलं.

"येणार तर!"

निघताना मॅडम म्हणाली, "वहिनी, उद्यापासून डब्यात चमचा द्या हं."

दिला. आदळआपट करत, पण दिला. यांचं नाव छापून येणार होतं, त्यात मी कशाला आडवी येऊ?

संध्याकाळी डबा उघडला तर चमचा कैरीने बरबटलेला.

"ऐकलंत वाटतं मॅडमचं?"

"नाय गं. मी हातानंच खाल्ली. हातमोजे हायेत की."

मला इतकं बरं वाटलं की हसूच फुटलं.

"मग चमचा?"

"तो मॅडमनी घेतला. वाटी पुसून खाल्ली त्यांनी कैरी."

माझ्या हातची कैरी? तिला? डोक्यात अशी सणक गेली की कडाव नि रीतभात सगळं विसरले.

"वाल्मिक!" मी ओरडले.

हे जागच्या जागी थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. पापणीसुद्धा हलली नाही.