जलालुद्दीन मास्टरचा व्ही

"झालं!" म्हणत जलालुद्दीन मास्टरने पेन्सिल कानावर खोचली आणि वही मदीहापुढे सरकवली.

लेकीने उत्तर पाहून कपाळाला हात लावला. "अब्बा, पुन्हा व्हीवर येऊन थांबले न तुम्ही!"

चामोर्शीच्या बाजारगल्लीत तीसहून जास्त वर्षं कपडे बेतणारा हा माणूस बावन्नाव्या वर्षी बी.एस्सी.ला बसला होता. बारावीनंतर वडील अचानक गेले, कॉलेज राहिलं आणि हाती कात्री आली. गणिताचं वेड मात्र गेलं नाही. मुक्त विद्यापीठातून घरी बसून शिकत त्याने बाकीचे सगळे पेपर काढले. अवकल समीकरणांच्या पेपरात तेवढा तो दोनदा आपटला होता. उद्याची तिसरी संधी शेवटची.

समघाती समीकरण तर तो मदीहाच्या कॉलेजातल्या पोरांपेक्षा लवकर ओळखायचा. "एक्स-वाय दोन्ही दुप्पट केले तरी उजवी बाजू तेच राह्यते न? म्हणजे बापाचा कुर्ता अन पोराचा कुर्ता. माप बदललं, बेत तोच!"

मग वायच्या जागी व्ही-एक्स मांडायचं. व्ही म्हणजे दोघांचं प्रमाण. ते सापडलं की मास्टर पेन्सिल कानावर खोचून मोकळा. दुकानातही तसंच चालायचं. गळा छातीचा बारावा भाग, असं सगळं प्रमाणात खडूने आखून कात्री चालवली की त्याचं काम संपायचं. पुढचं मशीनवरचा लटारू बघून घ्यायचा.

"पेपरात लटारूभाऊ येनार हायेत का शिवाले?" मदीहा हसू दाबत म्हणाली. "विचारला वाय अन तुम्ही देऊन राह्यले व्ही! व्ही म्हणजे कच्चा टाका, अब्बा. पक्की शिलाई झाली का काढून टाकाचा."

कच्चा टाका तसाच ठेवून गिऱ्हाइकाला कुर्ता द्यायचा? मास्टरचा चेहरा लाजेने लाल झाला. "तोबा! हे पहिलेच काऊन नाई सांगितलं?"

"पाच डाव सांगितलं. पन गणिताच्या भाषेत."

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीच्या केंद्रावर नेमका तोच प्रश्न आला. वायचं अवकलज, बरोबर एक्स अधिक वाय, भागिले एक्स. मास्टरने व्ही घातला, चलं वेगळी केली, समाकलन केलं. व्ही बरोबर लॉग एक्स अधिक सी. पेन आपसूक कानाकडे निघालं आणि अर्ध्या वाटेत थबकलं. त्याने व्हीच्या जागी वाय भागिले एक्स लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ: वाय बरोबर एक्स गुणिले, कंसात लॉग एक्स अधिक सी. त्या ओळीकडे तो बराच वेळ बघत राहिला. इतका आनंद त्याला ईदच्या आधी दुकानात होणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गर्दीनेही झाला नव्हता.

निकाल लागला, पेपर निघाला. पदवीदानाला बापलेक नागपूरला गेले. तिथे वाटलेला गाऊन भलताच ढगळ होता. खांदे चार बोटं उतरलेले, बाह्या पंजाखाली, आणि खालची शिवण तर सरळसरळ वाकडी.

मदीहाने पर्समधून पिना काढल्या. "थांबा अब्बा, खांद्यावर दोन लावते."

"राहू दे, बेटा," मास्टर आरशात बघत म्हणाला. "बरोबर बसला."