टाचण्यांवरून शिवलेला कोट

मास्तरांना रोज सकाळी एक नवा आजार व्हायचा. परवा यकृताचा, काल रक्ताचा, आज मानेतल्या गाठीचा. माणूस तसा धडधाकट, दोन्ही वेळा पोटभर जेवणारा, दहा-दहा तास पायमशीन मारणारा. पण आरशासमोर उभा राहिला की जीभ बाहेर आणि जीव टांगणीला.

त्यात धंदा शिंप्याचा. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. गिऱ्हाईक यायचं ते कपड्याबरोबर बातमी घेऊन. कुणाच्या पायांवर सूज आली म्हणून पँट ढिली करायची, कुणाचं पोट कापलं म्हणून कंबर बदलायची. गिऱ्हाईक पँट ठेवून जायचं आणि जाताना आजारही मास्तरांकडेच विसरायचं. दुसऱ्या दिवशी मास्तर दवाखान्यात हजर.

दवाखान्यातला डॉक्टर बिचारा पार कंटाळला होता. सातव्यांदा मान चाचपून झाल्यावर तो म्हणाला, "अहो मास्तर, तसलं काही असतं ना, तर माणूस झरझर वाळतो. कपडे अंगावर लोंबायला लागतात. तुम्ही स्वतः शिंपी, तुम्हाला आणखी काय सांगायचं?"

झालं! त्या दिवसापासून मास्तरांनी टेप हातात घेतला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मान, छाती, कंबर, पोटरी. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत एक पान स्वतःसाठी उघडलं, त्याच्या चार वर्षांत चार वह्या झाल्या. कंबर छत्तीसवरून साडेपस्तीसवर आली की पाचावर धारण बसायची.

"मास्तर, सकाळी पोट साफ झालं ना? तिकडे गेला तुमचा अर्धा इंच," काजं-बटणं करायला येणारी काजवाली म्हणायची. साठीची बाई, जिभेला हाड नाही. मास्तर तिच्याकडे दुर्लक्ष करून पुन्हा टेप लावायचे.

आणि ह्या सगळ्या काळात ह्या माणसाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत वाळत होती.

बायको पोस्टाच्या खिडकीवर कामाला. पोस्टाकडून तीन वर्षांनी एकदा निळा कोट मिळायचा, तोच घालून रोज बसायचं. एका सकाळी तिनं तो मशीनवर ठेवला. "अहो, जरा ढिला होतोय. टाचण्या लावल्यात मी, तेवढा आत घ्या."

मास्तरांनी घेतला. टाचण्यांवरून मशीन चालवली, टाचण्या काढल्या, कोट दिला. माप घ्यायचा प्रश्नच नव्हता. लग्नाच्या वेळी तिचं माप एकदा वहीत लिहिलं, ते शेवटचं. नंतर बावीस वर्षं टेप लावला नाही. "तिचं माप माझ्या डोळ्यांत आहे," असं चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगायचे. डोळे आरशात आणि माप डोळ्यांत!

तीन महिन्यांनी पुन्हा कोट, पुन्हा टाचण्या. मग पुन्हा एकदा. मशीनवर जो दोरा असेल त्या दोऱ्यानं मास्तर शिवण मारायचे. आतली शिवण, कोण बघतंय?

काजवाली बघत होती. "पोरी, गळ्याची हाडं दिसायला लागली की गं तुझी. कुणाला तरी दाखव."

"ह्यांचं एकदा निवळू दे मावशी, मग बघू."

"ह्यांचं? तो तुला पोचवून येईल आणि मग स्वतःची नाडी बघत बसेल!"

बायकोनं सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. एकदा जेवताना म्हणाली, "मला हल्ली अन्न जात नाही हो. दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "गच्च म्हणजे कुठं? डावीकडे की उजवीकडे? अगं, मलाही कालपासून तसंच वाटतंय!" आणि ते उठून आरशाकडे गेले. तिनं ताटं उचलली. त्या घरात आजारी माणसाची जागा एकच होती आणि ती कधीच भरलेली होती.

शेवटी तिनं मोठ्या इस्पितळात नंबर लावला. सलग दोन शनिवार रांगेत उभं राहून मंगळवारचा चौदा नंबर मिळाला. मास्तर सोबत गेले, कारण घरात एकट्याला छातीत धडधडलं तर पाणी कोण देणार?

बाकावर बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या भिंतीवरचे तक्ते वाचायला घेतले. अमुक रोगाची सात लक्षणं, तमुक रोगाची नऊ. दुसरा तक्ता संपेपर्यंत मास्तरांना सोळाच्या सोळा लागू झाली होती. त्यांनी बायकोपुढे मान केली.

"अगं, गाठ वाढली. हात लावून बघ. वाढली ना?"

"नाही हो, तशीच आहे. बसा."

"मला जाऊ दे आत. आत्ताच्या आत्ता. नाही तर मी इथंच जातो बघ. तुझं काय, नुसतं पोट तर आहे!"

तेवढ्यात चौदा नंबर पुकारला. बायकोनं हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर ती स्वतःही भेदरली होती. आत गेल्यावर काय ऐकावं लागेल ह्या विचारानं ती रात्रभर जागी होती. आज टळलं तर बरं, असंही एका मनाला वाटलं. आणि बावीस वर्षांची सवय. तिनं चिठ्ठी पुढे केली.

दहा मिनिटांत मास्तर बाहेर आले ते नवरदेवासारखे. "काही नाही! मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ठणठणीत आहे म्हणून!"

बायकोला पुढचा नंबर मिळाला दोन महिन्यांनंतरचा.

त्या दुपारी मास्तरांचा जीव भांड्यात पडला होता. शीळ घालत त्यांनी बायकोचा कोट ओढला, टाचण्यांवरून झर्रकन शिवण मारली. मशीनवर बँडवाल्यांच्या डगल्यांचा लाल दोरा होता, तो बदलण्याचीही तसदी घेतली नाही. "घे, आजचा आज करून दिला," म्हणाले. ती हसली बिचारी.

दोन महिन्यांनी ती आत गेली तेव्हा भिंत धरून चालत होती. कोट काढून मास्तरांकडे दिला. ते बाकावर बसले, कोट मांडीवर. तक्ते वाचायचे नाहीत असं ठरवलं होतं, म्हणून हाताला चाळा हवा होता. शिंप्याची सवय, त्यांनी कोट उलटा केला.

आत चार शिवणी होत्या. काळी, करडी, तपकिरी, लाल. एकीच्या आत एक, दोन्ही कुशींना. मास्तरांनी गळ्यातला टेप काढून लावला. मग पुन्हा लावला. घेरात पाच इंच.

"झरझर वाळतो. कपडे लोंबायला लागतात." हे वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. चार वर्षं रोज त्याच्यावरच तर जगत होते.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावलं. पडद्यापलीकडे बायको कपडे नीट करत होती.

"कधीपासून बारीक होतायत ह्या? नक्की सांगा."

मास्तरांनी कोट टेबलावर ठेवला. "काळा दोरा, म्हणजे मागच्या वर्षी याच दिवसांत. करडा, शाळेचे डगले होते तेव्हा. तपकिरी त्याच्या तीन महिन्यांनी. लाल, दोन महिन्यांपूर्वी. एकूण पाच इंच."

डॉक्टरीणबाईंनी शिवणींवरून बोट फिरवलं. "इतकं अचूक? आत कुणी घेतला हा?"

"मी."

बाईंनी पुढ्यातलं रजिस्टर मागे चाळलं. "आणि दोन महिन्यांपूर्वी ह्यांचा नंबर लागला होता की. चौदा. इथं लिहिलंय, 'तपासलं, काहीही आजार नाही.' हे कसं?"

पडद्यापलीकडून बायको म्हणाली, "ते ह्यांचं आहे."

"तेव्हा आला असतात तर कापून काढता आलं असतं," बाई म्हणाल्या. "आता पसरलंय."

घरी आल्यावर मास्तर रडले. मशीनवर डोकं टेकून, हुंदके देऊन रडले. खोटं नव्हतं ते रडणं. काजवाली काज करत बसली होती. तिनं दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं.

मग मास्तर उठले, टेप घेतला आणि बायकोपुढे उभे राहिले. तिनं हात वर केले. बावीस वर्षांनी माप घेतलं. कंबर तेवीस. वहीत तिच्या पानावर लग्नातल्या अठ्ठावीसच्या खाली त्यांनी ते लिहिलं, तारीख घातली.

लिहून झालं आणि डावा हात आपसूक वर गेला. दोन बोटं मानेवर, गाठीच्या जागी.

बायको बघत होती. "आहे का?" तिनं विचारलं.

मास्तरांनी चाचपून पाहिलं. "नाही."

"मग जेवून घ्या," ती म्हणाली, आणि भिंत धरत ताट वाढायला गेली.