चार वाजायच्या आत

मित्रांनो, काठी म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर मार येत असेल. मी एक जुनी काठी आहे, बांबूची, पाच हात लांब, आणि कुणालाही न मारणारी म्हणून माझी ख्याती होती. होती, असं म्हणते आहे. ते कसं, तेच सांगायचं आहे. मधेच माझं लक्ष उडालं तर सांभाळून घ्या. चार वाजत आले की मला अजूनही चैन पडत नाही.

माझा जन्म बांबूच्या बेटातला. तिथे वारा थांबत नसे, म्हणून मीही कधी थांबले नाही. वाकायचं, शेजारणीला धडकायचं, पुन्हा सरळ व्हायचं. मग कोयता आला. मला तोडलं, पेरं घासून गुळगुळीत केली आणि बाजारात एका भिंतीला टेकवून ठेवलं. तिथून मला मावशींनी आणलं. मावशी घरी कपडे शिवतात. सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणते. त्यांनी मला अंगणात कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून लावलं. ओल्या चादरींचा भार घेऊन एका जागी उभं राहायचं. माझ्यासारखीला ही शिक्षाच होती. पहिल्या महिन्यात मी पाच वेळा घसरले आणि धुतलेले कपडे मातीत लोळवले. शेवटी मावशी म्हणाल्या, "हिच्या पायाला भिंगरी आहे. हिला कोंबड्यांकडेच घेते."

मावशींच्या सात कोंबड्या होत्या. दिवसभर मोकळ्या हिंडत. सगळ्यांत पुढे चालायची ती मुकादमीण. तिच्या मागे पाच जणी, आणि शेवटी ठिपकी. ठिपकीला वाटेत प्रत्येक पान उलटं करून बघायचं असे, म्हणून ती कायम मागे.

अंगणाला लागून गुडघ्याएवढी भिंत होती आणि पलीकडे रोपवाले राहत. ते फुलांची रोपं तयार करून विकत. जमिनीवर ट्रेच्या रांगा मांडलेल्या असत. रोज चार वाजता ते त्यांना पाणी घालत. ओल्या मातीचा वास आला की कोंबड्यांच्या अंगात वारं शिरे. भिंत ओलांडून त्या ट्रेमध्ये, आणि मग मातीही उकरलेली आणि रोपंही. म्हणून दोन्ही घरांत ठरलं होतं. दिवसभर कोंबड्या मोकळ्या, पण चार वाजायच्या आत खुराड्याच्या जाळीत.

त्यांना आत न्यायचं काम मावशींचं आणि माझं. कोंबडीला मागून पळवायचं नसतं, मित्रांनो. सात कोंबड्यांमागे धावलात तर त्या सात दिशांना जातात. मावशी थोड्या बाजूला उभ्या राहत आणि मला जमिनीपासून वीतभर वर आडवी धरत. कोंबडीला वाटे, इकडे कुंपण आहे. मग ती दुसरीकडे वळे, आणि दुसरीकडे जाळीचं दार उघडं असे. त्या थांबल्या की आम्ही थांबायचं. त्या चालल्या की आम्ही चालायचं. खोटं कशाला सांगू, मला हे सहन होत नसे. ठिपकी पानं उलटत बसली की माझ्या जिवाची नुसती घालमेल. एक ढोसणी द्यावी आणि मोकळं व्हावं, असं वाटे. मावशींना ते हाताला कळत असावं. त्या म्हणत, "हळू गं." कोंबडीला म्हणत की मला, कोण जाणे. पण तीन वर्षांत मी एका पिसालाही लागले नाही. रोपवाले भिंतीपलीकडून म्हणत, "मावशी, तुमच्या काठीला कुंपणाचा पगार द्यायला हवा."

मग मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, दीड महिन्यासाठी. मागे राहिले त्यांचे यजमान, म्हणजे काका. काकांनी तीस वर्षं बस चालवली होती. जाताना मावशींनी एकच गोष्ट दोनदा सांगितली, "कोंडून ठेवू नका हं. कोंडल्या की एकमेकींची पिसं उपटतात. मी येईन तेव्हा मला त्या अंगणात दिसल्या पाहिजेत."

पहिले काही दिवस कसेबसे गेले. काका कोंबड्यांना प्रवासी समजत. "पुढे सरका, पुढे जागा आहे," असं म्हणत त्यांना जाळीत नेत. मला ते आवडू लागलं होतं. भरभर चालायला मिळे.

एके दुपारी काका पेपर वाचता वाचता खुर्चीत झोपले. मी दाराशी टेकून उभी होते. दोरीची सावली पायरीवर आली म्हणजे पावणेचार. मग सावली पायरी उतरून खाली गेली. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पलीकडे नळ सुरू झाला. मुकादमीण भिंतीवर चढली आणि तिच्यामागे सगळ्या गेल्या.

काका उठले ते मला घेऊन धावतच. मागून, ओरडत. ट्रे उलटले, कोंबड्या फडफडत चहूकडे उधळल्या. काकांना दम लागला आणि त्या दमात त्यांनी मला फेकलं.

मित्रांनो, आता जे सांगते त्याची मला लाज वाटते. हवेत असताना मला आनंद झाला. बेट सोडल्यापासून अशी मोकळी मी कधी सुटले नव्हते. तेवढ्यात खाली ठिपकी दिसली. ती नेहमीसारखी मागे राहिली होती. मला थांबता येत नव्हतं. मी तिच्या डाव्या पायावर पडले.

रोपवाले आवाज चढवणारे गृहस्थ नाहीत. त्यांनी मला उचलून भिंतीवरून काकांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "काका, आता पुन्हा आल्या तर कोंडून ठेवा, नाहीतर विकून टाका. माझंही पोट आहे यावर."

दुसऱ्या दिवशी काकांनी मला हातात घेतलं मात्र, सगळ्या कोंबड्या कुंपण दिसल्यासारख्या वळल्या नाहीत, तर किंचाळत पळाल्या. तोंडं थेट भिंतीकडे. काकांनी मला खाली टाकलं, हातातले दाणे दाखवत त्यांना कसंबसं आत घेतलं आणि मावशींना फोन लावला.

"काठीला घाबरतात गं. काय झालंय कुणास ठाऊक."

"काठी मारलीत का?"

"मारली नाही. फेकली."

"त्यांना ते एकच. कुणाला लागलं?"

"छे. कुणाला नाही."

फोन ठेवून काका जाळीसमोर बसले. आत ठिपकी एक पाय पोटाशी घेऊन उभी होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? काकांनी पुन्हा फोन लावला. "ठिपकीला लागलंय. पायाला. माझ्या हातून."

मावशी म्हणाल्या, "तिचा पाय सरळ करून पट्टी बांधा. आणि काठी जाळीत आडवी टाका, जमिनीवर. दोन्ही बाजूंना दाणे टाका आणि गप्प बसा. तोवर आतच राहू देत."

"किती दिवस?"

"ते त्या ठरवतील."

मी जमिनीवर पडून राहिले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात कठीण दिवस ते. हलायचं नाही. काका पाटावर बसत, गुडघे दुखले तरी उठत नसत. पहिले तीन दिवस माझ्या जवळचे दाणे तसेच राहिले. चौथ्या दिवशी मुकादमीण लांबूनच मान ताणून एक दाणा उचलून पळाली. सातव्या दिवशी ती मला ओलांडून पलीकडे गेली. मग बाकीच्या. ठिपकी कोपऱ्यातच. दहाव्या दिवशी ती लंगडत आली, माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं, आणि माझ्यावर उभी राहून पलीकडचे दाणे टिपू लागली. तिचा डावा पाय मला नीट धरतच नव्हता.

मग काकांनी दार उघडलं. कोंबड्या दिवसभर हिंडल्या. साडेतीनला काकांनी मला उचललं. या खेपेला चुकलं असतं तर खुराड्याला कायमचं कुलूप, नाहीतर बाजार. रोपवाले भिंतीपाशी पाइप घेऊन उभे होते. काका बाजूला झाले, मला वीतभर वर धरलं. मुकादमीण थांबली. आम्ही थांबलो. ती वळली आणि जाळीत गेली. तिच्यामागे पाच जणी. ठिपकी मागे होती. एक पाऊल टाकी, थांबे, पान उलटं करी. काकाही एक पाऊल टाकत, थांबत. चार वाजले. चार वाजून गेले. रोपवाल्यांनी नळाला हात लावला नाही.

ठिपकी आत गेल्यावर ते म्हणाले, "झालं? आता सोडतो पाणी."

मावशी आल्या तेव्हा सातही जणी अंगणात होत्या. ठिपकीचं लंगडणं मावशी पाहत राहिल्या. मग त्यांनी मला हातात घेऊन पुसलं.

मित्रांनो, पुढे कितीतरी वर्षं मी ते काम केलं. मग माझं टोक चिरलं. नवी काठी आली. मी चुलीत जाणार असं मला वाटलं होतं. पण काकांनी मला खुराड्यात नेलं आणि खिळे ठोकून आडवं बसवलं, जमिनीपासून हातभरच वर. कोंबड्यांना झोपायला उंच दांडी लागते, हे काकांना चांगलं माहीत आहे. तशी एक दांडी वर आहेही. म्हातारी ठिपकी तिथवर चढू शकत नाही, म्हणून मी खाली.

तुमच्या हाती कधी काठी आली, आणि पुढे कुणी हळू चालणारं असलं, तर हात आवरा. फेकलेली काठी परत बोलावता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

साडेतीन झाले. बाहेर पावलं वाजत आहेत. अंधार पडला की सहा जणी वरच्या दांडीवर जातील. ठिपकी शेवटी येईल, उजव्या पायाने मला धरेल आणि डावा नुसता टेकवेल. मग तिचा सगळा भार माझ्यावर. माझ्या अंगात वारं आहे तसंच आहे, पण सकाळपर्यंत मी हलत नाही.