टायरांखालची लिंबं

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं, तरी मद्रासमधल्या आमच्या मराठी घरातल्या कुणीच ते पाहिलं नव्हतं. म्हणून आमच्या ह्यांनी लष्कराची जुनी अँब्युलन्स घेतली, आत बिछाने आणि स्टोव्ह बसवला. रेडिएटर नवा घातला. गिअरबॉक्स खोलून त्याची दातेरी चाकं माझ्या परातीत रॉकेलने धुतली.

निघताना चिरडायला मी टायरांखाली लिंबं ठेवली. इंजिन सुरू करून हे म्हणाले, "गिअरबॉक्स घरघरतोय." पुन्हा खोलला. लिंबं वाळली. दुसरी ठेवली, तीही वाळली. घरघर मला एकदाही ऐकू आली नाही. घरात माझा पाय ठरेना.

तिसऱ्या खेपेलाही हे इंजिन बंद करून उतरले. "गोदे, पान्यांची पेटी कुठाय?"

"विहिरीत," मी पुढच्या सीटवर बसत म्हटलं. "चला. लिंबं ताजी आहेत."