चुन्याच्या दगडांमधली जागा

"शी! मेल्यांनी इथंही तोंड घातलंय," म्हणत वहिनीनं भुईमुगाचं उपटलेलं झाड झटकलं. मुळाशी भरदार शेंगा लोंबत होत्या आणि प्रत्येकीच्या बुडाला भोक. आत दाण्याचा मागमूस नाही, वर उंदराच्या मुताचा वास.

"निदान दोन पाट्या तरी निघतील का गं?" बांधावरून नवऱ्यानं विचारलं. त्याचा उजवा हात कोपरात सरळ होत नसे.

"टरफलांच्या म्हणाल, तर गाडीभर."

हात मोडला होता दोन गावांच्या मारामारीत. वरच्या गावाची गुरं खालच्या गावाच्या पिकात शिरली, काठ्या निघाल्या, डोकी फुटली. मग शहरातून समिती आली. बैठकांवर बैठका, चहावर चहा होऊन तोडगा निघाला की दोन गावांच्या मधे जमिनीचा एक पट्टा मोकळा सोडायचा. कुणी पेरायचं नाही, चारायचं नाही, पाऊलही टाकायचं नाही. दोन्ही कडांना चुना फासलेले दगड आले. पट्ट्यात वहिनीचं अर्धं शेत गेलं आणि पलीकडच्या गावातल्या पैलवानाचंही अर्धं. नवऱ्याचा दुसरा हात तरी शाबूत राहील, एवढंच वहिनीनं तेव्हा पाहिलं.

वर्षभरात पट्ट्यातलं गवत कमरेच्या वर गेलं आणि त्याखाली उंदरांनी आपलं गाव वसवलं. त्या गावात तंटा नव्हता. तिथली मंडळी दोन्हीकडे सारख्याच आपुलकीनं जेवायला जात.

त्या दुपारी समितीचे साहेब आले. वर्षभर एकही डोकं फुटलं नाही, त्याचा सोहळा होता. पट्ट्याला लागून अंगण वहिनीचं, म्हणून खुर्च्या तिथंच मांडल्या. पैलवान दगडांना वळसा घालून, सडकेनं चालत आला आणि वहिनीच्या नवऱ्यापासून चार खुर्च्या सोडून बसला.

"वहिनी, तुमच्याच शेतातलं काहीतरी येऊ द्या खायला," साहेब खुशीत होते.

वहिनीनं ताटभर शेंगा आणल्या. स्वच्छ धुतलेल्या, भोकं खालच्या बाजूला. साहेबांनी एक फोडली. दुसरी फोडली. तिसरी उलटी करून पाहिली.

"यात दाणेच नाहीत!"

"त्यातल्या त्यात बऱ्या निवडून आणल्यात, साहेब. उंदरांच्या उष्ट्या आहेत."

साहेबांनी घाईघाईनं रुमाल काढला.

"आमच्याकडे टरफलंही धड ठेवली नाहीत," पैलवान जमिनीकडे बघत म्हणाला.

"पट्टा साफ करू द्या," वहिनी म्हणाली. "पेरत नाही काही. गवत कापतो, बिळं खणतो. दोन्ही गावं एकाच दिवशी येतील, तुम्ही मधे उभे राहा. पुढच्या पेरणीला बियाणं उरलं नाही. कुठून आणून पेरलं, तरी ही मंडळी पंगतीला हजर."

"अहो, कोयते घेऊन दोन्ही गावं समोरासमोर? नको, नको. आत पाऊल पडलं की समझोता मोडला. आणि हा पट्टा म्हणजे आपलं यश आहे. आणखी गावांत हाच नमुना नेतोय आम्ही."

"म्हणजे उंदरांना बढती मिळाली," नवरा पुटपुटला.

पैलवान फस्सकन हसला. मग दोघांच्याही लक्षात आलं की आपण एकत्र हसलो, आणि दोघं दोन दिशांना बघू लागले.

फोटो काढायचा ठरला. साहेबांनी दोघांना हात मिळवायला लावले. उजवा पुढे येईना, म्हणून नवऱ्यानं डावा दिला. पैलवानानं तो धरला, पण नजर वर केली नाही. फोटोत येतंय म्हणून कुणीतरी शेंगांचं ताट उचलून खुर्चीखाली सरकवलं.

गाड्या गेल्यावर वहिनी वाटी घेऊन बांधावर चढली आणि उपटलेल्या झाडांतून न कुरतडलेल्या शेंगा बियाण्यासाठी वेचू लागली. पट्ट्याच्या पलीकडे, तिकडच्या बांधावर, पैलवानाची बायको तेच करत होती. वर्षभरात दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मग पलीकडच्या बाईनं आपलं सूप किंचित तिरकं करून दाखवलं.

वहिनीनंही वाटी तिरकी केली. आतलं बूड दिसत होतं.

वारा पडला होता. मधलं गवत तेवढं हलत होतं.