खांद्यावरचा शालू

कोप्पीकर रोडवरच्या साड्यांच्या दुकानात विमलाच्या उमेदवारीचा आज पंधरावा, म्हणजे शेवटचा दिवस. घडी अशी घालायची की मालक सुधींद्रनंही बघत राहावं. पण लग्नाची साडी स्वतःच्या खांद्यावर घेऊन दाखवायची म्हटलं, की बाई नुसती हातावर पसरायची. आणि अहो, हातावर कधी साडी खपते का?

"आज खांद्यावर घेतली तर नोकरी, नाहीतर राम राम," सुधींद्रनं सकाळीच सांगून टाकलं. विमलाच्या घरी दोन मुली शिकत होत्या.

तिला काम शिकवणारे मुकुंदराव तीस वर्षं याच गादीवर बसलेले. हा भरघोस मिशांचा माणूस शालू असा खांद्यावर टाकायचा, की नवरीनं लाजावं! त्यांनी तिला पाणी दिलं. "अक्का, खरं सांग. अडतंय कुठं?"

"अण्णा, नवरा जाऊन चार वर्षं झाली. लग्नाचा शालू मी अंगावर घ्यायचा? उद्या त्या पोरीचं काही वाईटवंगाळ झालं तर?"

मुकुंदराव म्हणाले, "आमची ही जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून किती नवरीमुलींचे शालू ह्याच खांद्यावर घेतले. 'अण्णा, बायको आहे का?' असं एकीनंही विचारलं नाही."

विमलाला रडूही आलं आणि रागही. आपल्याला हे इतके दिवस सुचलं कसं नाही!

दुपारी मळमड्डीतली वेदश्री आईला घेऊन लग्नाचा शालू बघायला आली. विमलानं लाल शालू उलगडला आणि पदर खांद्यावर घेतला. चार वर्षांनी आरशात स्वतःच्या अंगावर लाल रंग दिसला, तसे तिचे डोळे भरले.

"काय झालं हो?" आईनं विचारलं.

खोटं बोलणं विमलाला जमणारं नव्हतं. "मला नवरा नाही, ताई. चालत नसेल तर मुकुंदरावांना दाखवायला सांगते."

आईनं शालूवरचा हात मागे घेतला. विमला पदर उतरवू लागली, तोच वेदश्री उठली आणि तिनं तो परत नीट बसवला. "काढू नका, अक्का. किती छान दिसतोय तुम्हाला! बघू द्या की मला. आई, हाच घ्यायचा."

गल्ल्यावरून सुधींद्र आपल्या कानडी-मराठीत ओरडला, "नाळे बर्री, अक्का! उद्या साडेनऊला या!"

शालू खांद्यावर घेऊन विमला तशीच उभी राहिली.