मोठ्या कॉलेजातल्या बाई

माझं तोंड फाटकं आहे, हे मला मान्य आहे. आमची बारकी शिक्षिका होणार आणि तेही मोठ्या कॉलेजातून शिकून, हे मी पार्लरमध्ये आलेल्या प्रत्येकीला सांगून टाकलं होतं. अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही, हा आमच्या धंद्याचा मोठा फायदा.

अडचण एकच होती. बारकीला मोठं कॉलेज नको होतं.

"आई, चौकातल्या कॉलेजात तीच पदवी मिळते," ती म्हणायची. "आणि कर्ज काढावं लागत नाही."

"त्या कॉलेजला धड फाटक नाही! आणि कर्जाचं काय घेऊन बसलीस? मी पार्लर गहाण टाकते. नोकरी लागली की फेडशील फटाफट."

"फटाफट म्हणजे किती वर्षांत?"

"अगं, शाळेतली नोकरी ती! मान आहे, सुट्ट्या आहेत, पगार आहे."

"पगार किती आहे?"

आता हे मला कुठून माहीत असणार? पण आईनं पोरीपुढे माघार घेतली तर संपलंच सगळं. "भरपूर," मी ठोकून दिलं. शनिवारी बँकेत जाऊन सही करायची, असं मी एकटीनंच ठरवलं होतं.

शुक्रवारी दुपारी पार्लर रिकामं होतं. तेव्हा बारकी तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना घेऊन आली. या बाई म्हणजे आमच्या घरातलं दैवत. गणितात गटांगळ्या खाणारी माझी पोर यांच्यामुळे तरली होती. आणि मुख्य म्हणजे बाई स्वतः मोठ्या कॉलेजात शिकलेल्या. मी मनात म्हटलं, वा गं शहाणे, माझाच साक्षीदार हाताला धरून आणलास की!

मी खुर्ची पुसली, चहा टाकला. "बाई, आता तुम्हीच हिचे कान उपटा. तुमचं कॉलेज म्हणजे काय! शाळेत तुमचा मान वेगळा, पगार वेगळा..."

"पगार सारखाच असतो," बाई म्हणाल्या.

"कुणाशी सारखा?"

"माझ्या शेजारच्या वर्गावर ज्या बाई आहेत, त्या चौकातल्या कॉलेजातून आल्यात. आम्ही दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलो. दोघींच्या पगारात एका पैशाचा फरक नाही. पदवी आहे का, एवढंच बघतात. त्या सगळा पगार घरी नेतात. माझा निम्म्याहून जास्त कॉलेजच्या कर्जाच्या हप्त्यात जातो."

मी चहा गाळता गाळता थांबले. बारकी भिंतीवरच्या आरशाकडे बघत उभी होती. हे मला ऐकवायलाच तिनं बाईंना आणलं होतं. मला राग आला, पण बाईंसमोर ओरडणार कशी?

बाईंनी चहाचा कप घेतला. त्यांची नजर काचेच्या दारावर गेली. तिथं मी आठवड्यापूर्वी कागद चिकटवला होता, कामाला बाई पाहिजे म्हणून.

"आधीच्या मुलीला काय देत होतात?" त्यांनी सहज विचारलं.

मीही सहजच आकडा सांगितला. वर गिऱ्हाइकं खूश होऊन देतात ते वेगळं, हेही सांगितलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "मला ठेवाल का?"

मी खो खो हसले. "काय हो बाई, गरिबाची थट्टा करता!" मग माझ्या लक्षात आलं की मी एकटीच हसतेय.

"थट्टा नाही करत. हा आकडा माझ्या पगारापेक्षा जास्त आहे. हप्ता गेल्यावर जे उरतं त्यात घरभाडं बसत नाही. संध्याकाळी शिकवण्या घेऊन बघितल्या, घसा बसला."

"बाई?" बारकी पांढरीफटक पडली होती. "तुम्ही तर आईला फक्त समजवायला आला होतात ना?"

"हो गं, समजवायलाच आले होते. आकडा आत्ता ऐकला."

बाई गं! "पोरांना कंटाळलात का हो तुम्ही?" मी विचारलं.

"पोरांना कंटाळले असते तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "मग सोडताना काही वाटलं नसतं."

त्यांना कसं परतवावं, ते मला कळेना. मग मी आमच्या धंद्याची रीत पुढे केली. "आमच्याकडे आधी डोकं धुवून दाखवावं लागतं. कुणी का असेना. मान नीट धरता आली पाहिजे, कानात पाणी जाता कामा नये." मला वाटलं, हे ऐकून बाई भानावर येतील आणि पर्स उचलून निघतील.

बाईंनी बाह्या वर केल्या. "कुणाचं धुऊ?"

गिऱ्हाईक तर नव्हतंच. बारकी जाऊन बेसिनच्या खुर्चीत बसली. मी तिला बस म्हटलं नव्हतं.

बाईंनी आधी पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिलं. मग बारकीच्या मानेखाली हात घातला. "गरम लागतंय का?"

"नाही, बाई."

बारकीनं डोळे घट्ट मिटले होते, तरी कडांतून पाणी वाहत होतं.

"शाम्पू गेला का डोळ्यात?"

"हो," बारकी म्हणाली. शाम्पूची बाटली अजून उघडलीसुद्धा नव्हती.

"किती वर्षांचे हप्ते राहिलेत, बाई?" तिनं विचारलं.

"नऊ."

"मग परत शाळेत जाल?"

"नऊ वर्षांनी मला कोण घेणार गं," बाई म्हणाल्या. त्यांचा हात थांबला नाही.

"आई," बारकी डोळे न उघडताच म्हणाली, "उद्या बँकेत नाही जायचं."

"नाही गं माझे राणी, नाही जायचं," मी म्हणाले. उद्या माझ्याच सहीनं मी पोटच्या पोरीला या बेसिनपाशी आणून उभं करणार होते. आणि वर गावभर मिरवणार होते!

बाईंनी नळ बंद केला. बारकीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि माझ्याकडे वळल्या. "जमलं का मला?"

नाही म्हणावं, तर बाईंनी घरभाडं कुठून भरायचं? हो म्हणावं, तर वर्गात कुणी उभं राहायचं? आणि खोटं बोलायची तर सोयच नव्हती. कानात एक थेंब गेला नव्हता.

"जमलं," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून या."

बाई हसल्या. दारातून आल्यापासून पहिल्यांदाच हसल्या. "उद्याच राजीनामा देते," म्हणाल्या, आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन पुन्हा पुन्हा आभार मानायला लागल्या. त्यांना एवढा आनंद झालेला बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.